लहरींचा वाटा

मारतहळ्ळीत प्रथमच येणाऱ्या मराठी माणसास गावाच्या नावाचे कुतूहल वाटतेच. जवळच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ‘मारुत’ विमानावरून ते पडले, असेही सांगतात. ते कसेही असो. गावालगत लष्करी वापराची धावपट्टी आहे आणि बाह्य वर्तुळमार्गावर सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कचेऱ्या. वैमानिकाचा संदेश असो वा कचेरीतून सुटलेल्या तरुणाचा भ्रमणध्वनी, दोघांनाही रेडिओलहरींचा वाटा हवा असतो. तो कोणी, कसा ठरवावा?

1995 साली या प्रश्नाशी संबंधित दोन घटना घडल्या. 9 फेब्रुवारीस सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादात या लहरी सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. प्रमुख निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे होते. 31 जुलैस ज्योती बसूंनी कलकत्त्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांना दिल्लीत देशातील पहिला मोबाइल दूरध्वनी केला. वाटपाच्या पद्धतीत मात्र त्या निकालाचे प्रतिबिंब फारसे पडले नाही. परवान्याबरोबर 4.4 मेगाहर्ट्झ मिळत, पुढील हिस्सा ग्राहकसंख्या पाहून. मार्च 2001 मध्ये मोबाइलधारक सुमारे 36 लाख होते, मार्च 2008 मध्ये 26 कोटी; आणि तरीही जानेवारी 2008 मध्ये 122 परवाने 2001 च्याच भावाने दिले गेले.

रोनाल्ड कोस यांनी 1959 मध्येच दाखवून दिले होते की, टंचाई जमिनीचीही असते. तेवढ्यावरून सरकारी वाटप अटळ ठरत नाही, किंमतही वाटपाचे काम करू शकते. एम.ए.च्या वर्गात मला हे फार पुस्तकी वाटले होते. 2010 मध्ये तिसऱ्या पिढीच्या लहरींचा लिलाव 34 दिवस, 183 फेऱ्या चालला आणि 67,719 कोटी रुपये आले. 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते 122 परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यातील आरोपी 2017 मध्ये निर्दोष सुटले. धोरण चुकणे आणि गुन्हा सिद्ध होणे या भिन्न गोष्टी आहेत, हे आमच्या सेवेतील लोकांनी तरी विसरू नये.

लिलाव झाला तरी नव्या लहरी निर्माण होत नाहीत. त्या सैन्यदलांकडून मोकळ्या करून घ्याव्या लागल्या. 2009 च्या करारानुसार त्यांच्यासाठी स्वतंत्र ऑप्टिकल फायबरचे जाळे टाकावयाचे ठरले. 2012 मध्ये त्यासाठी 13,334 कोटी रुपये मंजूर झाले होते. 2018 मध्ये ती रक्कम 24,664 कोटींवर गेली.