दानातील संगणक आणि दात्या संस्थांचे आयुष्य

शिक्षणाच्या इतिहासात एखाद्या यंत्राची नोंद बहुधा ते शाळेत दाखल झाल्याच्या दिवसापुरतीच घेतली जाते. समारंभ होतो, छायाचित्रे निघतात, अहवालात आकडा पडतो. पुढे ते यंत्र किती वर्षे चालले, बिघडल्यावर कोणी दुरुस्त केले आणि देणारी संस्था बंद पडल्यावर त्याचा वाली कोण उरला, ह्या प्रश्नांकडे लक्ष जात नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात परदेशांतील शाळांना संगणक पुरविण्यासाठी ज्या लहान लहान सेवाभावी संस्था उदयास आल्या, त्यांच्या बाबतीत मात्र हेच प्रश्न निर्णायक ठरले. त्या दृष्टीने ह्या चळवळीचा मागोवा घेण्याचा येथे हेतू आहे.

ह्या संस्थांचा उगम दानबुद्धीइतकाच व्यवहारातही आहे. पाश्चात्त्य देशांतील कचेऱ्या तीन-चार वर्षांत आपले संगणक बदलू लागल्या, तेव्हा चालू स्थितीतील यंत्रांचे ढीग साठू लागले. कॅनडाने १९९३ मध्ये अशी यंत्रे आपल्याच शाळांना देण्याची योजना सुरू केली आणि २००० मध्ये कोलंबियाने तिच्या धर्तीवर आपली राष्ट्रीय योजना उभारली. समुद्रापलीकडील शाळांसाठी हे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्यांत लंडनमधील ‘कॉम्प्युटर एड इंटरनॅशनल’ आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘वर्ल्ड कॉम्प्युटर एक्स्चेंज’ ह्या दोन संस्था प्रमुख होत. दोहोंची कार्यपद्धती स्थूलमानाने सारखीच होती. कंपन्यांकडून यंत्रे गोळा करावयाची, त्यांतील जुनी माहिती समूळ पुसावयाची, प्रत्येक यंत्र तपासून सदोष भाग बदलावयाचे, मग ती जहाजाच्या कंटेनरमध्ये भरून पाठवावयाची. आणि पलीकडच्या बंदरावर जकातीचे कागद पुरे करून माल शाळांपर्यंत नेण्यास एखादी स्थानिक संस्था उभी असावयाची. केनियात २००२ मध्ये स्थापन झालेली ‘कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स केनिया’ ही अशा स्थानिक संस्थांपैकी एक होय.

यंत्र फुकट मिळाले म्हणजे काम फुकट झाले, हा समज ह्या संस्थांना फार लवकर सोडावा लागला. वाहतूक, जकात, विजेची जोडणी, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि दुरुस्ती ह्यांचा खर्च कोणी दान करीत नसे. देणगीदाराला दिसणारी वस्तू द्यावयाला आवडते, न दिसणारी सेवा नव्हे. म्हणूनच घेणाऱ्या शाळेने किंवा तिच्या देशातील संस्थेने खर्चाचा काही वाटा उचलावा, असा दंडक ह्या क्षेत्रात पडला. तो प्रथमदर्शनी दानाच्या कल्पनेशी विसंगत वाटतो. वस्तुतः घेणाऱ्याला ‘हे नको’ असे म्हणण्याचा अधिकार त्यानेच मिळतो. हा अधिकार क्षुल्लक नव्हता. घातक कचऱ्याच्या देशांतरावर निर्बंध घालणारा बासेल करार १९८९ मध्ये झाला असला, तरी जुने यंत्र आणि कचरा ह्यांतील सीमारेषा पुसटच राहिली. न तपासलेल्या यंत्रांनी भरलेला कंटेनर हा दानाच्या नावाखाली केलेला कचऱ्याचा निचरा ठरू शकतो. लहान संस्थेची नीती तिने किती यंत्रे पाठविली ह्यापेक्षा किती नाकारली, ह्यावरून अधिक कळते.

नामिबियाचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९० मध्ये स्वतंत्र झालेल्या ह्या विरळ वस्तीच्या देशात २००० साली ‘स्कूलनेट नामिबिया’ ही संस्था निघाली. तिचे संस्थापक योरिस कोमेन हे मूळचे पक्षिशास्त्रज्ञ. संस्थेने विनामूल्य लिनक्स प्रणालीचा अवलंब केला. वर्गात एक समर्थ मध्यवर्ती यंत्र ठेवावयाचे आणि त्याला हार्डडिस्क नसलेली साधी, बहुधा जुनी यंत्रे जोडावयाची, अशी तिची रचना होती. त्यामुळे धुळीने व उष्णतेने बिघडणारे भाग कमी झाले आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी करता येऊ लागली. ही दुरुस्ती बाहेरून आलेल्या तज्ज्ञांवर न सोपविता शाळा सोडलेल्या नामिबियन तरुणांना शिकविण्यात आली. शिक्षकांची भीती घालविण्यासाठी ‘हाय ती!’, म्हणजे साधारणतः ‘ऐका हो!’, ही चित्रमालिका काढण्यात आली. २००९ मध्ये ही संस्था बंद झाली. तिच्या मदतीने शेकडो शाळांत संगणक आले होते. पण संस्थेचा निधी परकीय साहाय्यावर अवलंबून होता आणि अशा साहाय्याला मुदत असते. संस्था गेली तरी दुरुस्ती शिकलेली माणसे देशातच राहिली, एवढा तिचा वारसा निश्चित म्हणता येतो.

ह्याच्या अगदी उलट दिशेने ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही योजना निघाली. निकोलस निग्रोपॉन्टे ह्यांनी तिचा आराखडा नोव्हेंबर २००५ मध्ये ट्यूनिस येथील जागतिक परिषदेत मांडला. जुने यंत्र नव्हे, मुलासाठीच घडविलेले नवे यंत्र. आणि तेही शंभर डॉलरांत. उन्हात वाचता येणारा पडदा आणि अत्यल्प विजेची गरज ही तांत्रिक यशे खरी होती. तथापि २००७ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत सुमारे १८८ डॉलरांवर गेली होती आणि लाखांच्या मागणीची अपेक्षा सरकारांनी पुरी केली नाही. पेरूने आठ लाखांहून अधिक यंत्रे घेतली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे पंधरा महिन्यांच्या वापरानंतर गणित व भाषा ह्यांच्या गुणांत फरक आढळला नाही. सामान्य आकलनशक्तीच्या चाचण्यांत मात्र काही वाढ दिसली. उरुग्वेने तेच यंत्र घेतले. परंतु २००७ पासून ‘सेइबाल’ ही स्वतंत्र यंत्रणा उभारून जाळे, दुरुस्ती आणि प्रशिक्षण ह्यांची कायम तरतूद केली. परीक्षेतील गुणांचा प्रश्न तेथेही सहज सुटला नाही. पण यंत्रे बदलली तरी यंत्रणा टिकली.

ह्या इतिहासाची भाषिक बाजूही विचारात घेतली पाहिजे. इंग्लंडातील कचेरीतून आलेला कळफलक इंग्रजीच्या गरजेपुरता घडलेला असतो. नामिबियातील खोइखोइ भाषेत चटकार-ध्वनींसाठी चार चिन्हे आहेत. त्यांपैकी तीन उभी रेघ व उद्गारचिन्ह वापरून कसेबसे साधतात. चौथ्यासाठी कळच नाही. योरुबा लेखनात स्वरांखाली टिंबे आणि वर सुरांच्या खुणा लागतात. त्या गाळल्या तर भिन्न शब्द एकसारखे दिसू लागतात. जे मूल आपली भाषा ह्या यंत्रावर लिहू शकत नाही, त्याला यंत्राबरोबर एक मूक धडाही मिळतो : तुझी भाषा येथे चालत नाही. कोणत्याही देणगीपत्रात हा धडा नमूद नसतो, पण तो फार काळ स्मरणात राहतो.

महाराष्ट्राचा ह्या कथेशी थोडा संबंध आहे. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये लॅपटॉप-योजना नाकारली. यंत्रापूर्वी वर्ग आणि शिक्षक हवेत, अशी त्यामागील भूमिका होती. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील लहानशा शाळेत तिचा प्रयोग झाला. तेथे लिपीची अडचण तुलनेने कमी होती, कारण भारतीय लिप्यांच्या वर्णरचनेवर आधारलेला इनस्क्रिप्ट कळफलक १९८० नंतरच्या दशकातच सिद्ध झाला होता आणि देवनागरी कळा असलेली यंत्रे बनू शकली. परक्या यंत्राला आपली भाषा बोलावयास लावणारे काम दात्याच्या येण्यापूर्वी, देशातच झालेले होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपी प्रणालीचा आधार निर्मात्यांनी काढून घेतला आणि शाळांतील असंख्य जुनी यंत्रे एका दिवसात असुरक्षित ठरली. त्या वेळी ज्या शाळेजवळ दुसरी प्रणाली बसवू शकणारा माणूस होता, तेथील वर्ग चालू राहू शकले; जेथे तो नव्हता, तेथे दाता दूर होता किंवा उरलाच नव्हता. लहान संस्थेचे आयुष्य बहुधा तिच्या संस्थापकाच्या उमेदीइतके आणि अनुदानाच्या मुदतीइतकेच असते. ह्यात कमीपणा नाही; कमीपणा आहे तो आपण कायम राहू असे गृहीत धरून दान देण्यात. आपल्यामागे यंत्र कोण सांभाळील आणि मूल त्यावर कोणत्या भाषेत लिहील, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे कंटेनर बंद करण्यापूर्वी ज्यांनी शोधली, त्यांचे कार्य संस्थेच्या पश्चातही शिल्लक राहिले.