जनरल अरुणकुमार वैद्य : रणगाड्यांचा सेनानी, वादळी काळातील लष्करप्रमुख

नवी दिल्ली : युद्धकाळातील दुसऱ्या क्रमांकाचा शौर्य सन्मान असलेले महावीर चक्र दोनदा मिळविणारे भारतीय सेनादलांत अवघे सहा अधिकारी आहेत. जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य हे त्यांपैकी एक. मात्र दोन युद्धांतून सुखरूप परतलेल्या या सेनानीचा मृत्यू निवृत्तीनंतर पुण्याच्या रस्त्यावर झाला.

वैद्य यांचा जन्म २७ जानेवारी १९२६ रोजी अलिबाग येथे झाला. १९४५ मध्ये ते लष्कराच्या चिलखती दलात अधिकारी म्हणून दाखल झाले. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल वैद्य यांच्याकडे 'डेक्कन हॉर्स' रेजिमेंटचे नेतृत्व होते. खेमकरण क्षेत्रातील असल उत्तर येथे त्यांच्या जुन्या शर्मन रणगाड्यांची गाठ अमेरिकी बनावटीच्या आधुनिक पॅटन रणगाड्यांशी पडली. पाकिस्तानची चढाई तेथे मोडून पडली आणि वैद्य यांना महावीर चक्र प्रदान करण्यात आले.

१९७१ मध्ये शकरगड क्षेत्रात १६ व्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे ते प्रमुख होते. सुरुंगक्षेत्र पार करून या ब्रिगेडने बसंतरची लढाई लढली. मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांची 'पूना हॉर्स' रेजिमेंट याच ब्रिगेडमध्ये होती. या कामगिरीबद्दल वैद्य यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळाले.

ऑगस्ट १९८३ मध्ये वैद्य यांनी लष्करप्रमुखपदाची सूत्रे स्वीकारली. सेवाज्येष्ठ उपप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांना डावलून ही निवड झाल्याने वाद उद्भवला आणि सिन्हा यांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली. एप्रिल १९८४ मध्ये वैद्य यांच्या कार्यकाळात 'ऑपरेशन मेघदूत'द्वारे सियाचीनवर भारताने ताबा मिळविला. त्यानंतर दोन महिन्यांनी अमृतसरच्या सुवर्णमंदिरात 'ऑपरेशन ब्लू स्टार' पार पडले. निर्णय केंद्र सरकारचा होता. अंमलबजावणीची जबाबदारी लष्कराची होती. कारवाईत जवान, सशस्त्र अतिरेकी आणि भाविकही मृत्युमुखी पडले, अकाल तख्ताची मोठी हानी झाली आणि शीख समाज दुखावला गेला. काही ठिकाणी शीख जवानांनी बंडही केले. ते आटोक्यात आणून सैन्याची एकजूट टिकविण्याचे कठीण काम वैद्य यांच्यापुढे होते.

जानेवारी १९८६ अखेर निवृत्त होऊन ते पुण्यात स्थायिक झाले. धमक्या येत असतानाही त्यांचा वावर सामान्य नागरिकासारखाच होता. १० ऑगस्ट १९८६ रोजी स्वतः मोटार चालवीत बाजारातून घरी परतत असताना मोटारसायकलवरून आलेल्या हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वैद्य यांचा मृत्यू झाला. सोबत असलेल्या त्यांच्या पत्नी जखमी झाल्या. सुवर्णमंदिरातील कारवाईचा सूड घेतल्याची कबुली सुखदेवसिंग सुखा व हरजिंदरसिंग जिंदा यांनी न्यायालयात दिली. ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवडा कारागृहात दोघांना फाशी देण्यात आली.

परमविशिष्ट सेवा पदक व अतिविशिष्ट सेवा पदक मिळविणाऱ्या वैद्य यांना १९८६ मध्ये पद्मविभूषण जाहीर झाले. लोकशाहीत सैन्य सरकारच्या आदेशाने चालते; त्या आदेशाची किंमत मात्र गणवेश उतरविल्यानंतरही सेनानीला मोजावी लागू शकते, याची आठवण त्यांचे आयुष्य करून देते.