लाखमोलाचा रंग

गाडी बुक केल्याची बातमी सोसायटीत पसरली, तेव्हा "अॅव्हरेज किती देते?" या प्रश्नाचं उत्तर मी तोंडपाठ करून ठेवलं होतं. सहासष्टाव्या वर्षी का होईना, आयुष्यातली पहिली कोरी गाडी येणार होती. आजवरच्या दोन्ही गाड्या दुसऱ्यांनी वापरून, जिथं म्हणून पोचे पाडता येतात तिथं ते पाडून, मग माझ्याकडे आल्या होत्या. पण शेजारच्या निवृत्त इंजिनिअरांनी जिन्यात गाठून भलतंच विचारलं.

"काय करताय? कोटिंग की फिल्म?"

माझा हात आपोआप गालाकडे गेला. या वयात कुणी अशा चालीवर काही विचारलं, की ते दातांविषयीच असणार अशी सवय झालेली असते. "अजून डॉक्टरांनी एक्स-रे काढलेला नाही," असं मी सांगूनही टाकलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाले, "गाडीच्या रंगाचं विचारतोय मी."

गाडीला रंग कंपनीच लावून देते अशी माझी भाबडी समजूत होती. ती दुसऱ्या दिवशी शोरूममधल्या मुलानं दूर केली. रंग कंपनी देते, पण रंगाचं रक्षण आपण करायचं असतं. त्यासाठी दोन उपाय. एक, सिरॅमिक कोटिंग. सिलिकॉनच्या जातीचं एक द्रव्य रंगावर चोळून बसवायचं, ते वाळून काचेसारखं कडक होतं, पाणी आणि चिखल त्यावर ठरत नाही. दुसरा, फिल्म. आपण मुलांच्या वह्यांना घालतो तसलं पारदर्शक कव्हर, फक्त ते अख्ख्या गाडीला.

"सर, कोटिंग नाइन एच आहे," मुलगा म्हणाला.

एच म्हटल्यावर मला शाळेतल्या चित्रकलेच्या पेन्सिली आठवल्या. मी गमतीनं तसं बोललो, तर निघालं खरोखरच तेच. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली रंगावर ओढून बघतात. नऊ एच ही त्यातली सर्वांत कडक. म्हणजे त्या पेन्सिलीनं कुणी माझ्या बॉनेटवर चित्र काढू गेला तर त्याची निराशा होईल, एवढी हमी मिळाली. आमच्या सोसायटीतली मुलं मात्र पेन्सिल वापरत नाहीत. ती क्रिकेट खेळतात.

"आणि फिल्मचं किती?"

"फुल बॉडी लाखाच्या आसपास जाईल, सर. आणि एक रिक्वेस्ट, पूजेला हळद-कुंकू डायरेक्ट बॉनेटवर नका लावू. डाग पडतो. स्टिकर मिळतो स्वस्तिकचा."

गाडी दसऱ्याला घरी येणार होती. घरात शहाऐंशी वर्षांची आई. महिनाभर आधीपासून ती हळदकुंकवाची कोयरी घासून तयार होती. तिला स्टिकरचं कोण सांगणार?

निर्णय अवघड झाला की मध्यमवर्गीय माणूस इतिहासात शिरतो. तिथं सगळे निर्णय दुसऱ्यांनी आधीच घेतलेले असतात. मीही शिरलो, आणि पहिल्याच पायरीला लाख भेटली. शोरूमवाल्यानं सांगितलेली नव्हे, झाडावरची. एक बारीकसा किडा पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर बसून स्वतःभोवती राळेचा थर चढवतो. ही त्याची स्वतःची फुल बॉडी कोटिंग. संस्कृतात ती लाक्षा. हाच शब्द अरबांच्या आणि पोर्तुगीजांच्या तोंडून घासत घासत युरोपात गेला आणि 'लॅकर' होऊन बसला. आपल्या सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर जी झिलई असते, तिचंच हे विलायतेत शिकून आलेलं भावंड. लाखेचा सर्वांत मोठा उपयोग कौरवांनी केला. पांडवांसाठी त्यांनी अख्खं घरच लाखेचं बांधलं. रक्षणासाठी मात्र नव्हे. लाख पेटते चांगली.

हे पेटण्याचं लक्षात असू द्या, पुढं येणार आहे.

पहिल्यावहिल्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवत. कुंचल्यानं तेलाच्या व्हार्निशचे हात द्यायचे, वाळू द्यायचे, घासायचे, पुन्हा हात. एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. कारखान्यात गाड्या तयार व्हायच्या भराभर आणि वाळत पडायच्या पापडासारख्या. फोर्डसाहेबांची टी मॉडेल १९०८ साली निघाली तेव्हा ती करडी, हिरवी, निळी, लाल अशी मिळे. पुढं १९१४ ते १९२५ एवढी वर्षं ती फक्त काळीच मिळाली. काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ. गिऱ्हाइकाला निवड करायची तसदीच नाही. मला त्या गिऱ्हाइकांचा हेवा वाटला.

मग अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीनं झटपट वाळणारं लॅकर काढलं. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीच्या १९२४ च्या मॉडेलवर ते निळ्या रंगात झळकलं. फवारायचं, आणि काही तासांत वाळून तयार. नाव 'ड्यूको'. आपल्याकडचा सुतार आजही कपाटाला "डुको मारू का साहेब?" असं विचारतो, तो हाच. त्यात लाख औषधालाही नव्हती, पण लाखेचा गुण उतरला होता. ते बनत असे नायट्रोसेल्युलोजचं, म्हणजे तोफांसाठी जो स्फोटक कापूस वापरत त्याच्या सख्ख्या चुलत घराण्यातलं. सिनेमाच्या तेव्हाच्या फिती याच पदार्थाच्या असत. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' त्यावरच उतरला, आणि अशा फिती पेटतही तशाच. लाक्षागृहाची परंपरा अशी अखंड चालू राहिली. सांगायचा मुद्दा काय, की "कोटिंग की फिल्म?" असं त्या काळी कुणी विचारलं असतं, तर "दोन्ही एकच" असं बिनधास्त सांगून मोकळं होता आलं असतं. आपण शंभर वर्षं उशिरा गाडी घेतली.

पुढं रंग सुधारत गेले. ते उन्हानं विटू नयेत म्हणून लोक मेण चोळू लागले. त्यातलं भारी मेण ब्राझीलमधल्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरून खरवडतात. मग साधारण १९७० नंतर कारखानेच रंगावर एक पारदर्शक थर देऊ लागले. माझ्या गाडीवरही तो असणार होता. जाडी चाळीस-पन्नास मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपला केस सत्तरएक मायक्रॉनचा असतो. म्हणजे ज्या चकाकीसाठी आपण जीव टाकतो ती केसापेक्षा पातळ. आणि पॉलिशवाला प्रत्येक वेळी चरे घालवतो म्हणजे काय करतो, तर त्यातलाच थोडा थर घासून कमी करतो. चरा जात नाही, त्याच्या आजूबाजूचं जग खाली येतं.

फिल्मचा जन्म तर युद्धातला. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकन हेलिकॉप्टरांची पाती वाळू आणि कचऱ्यानं झिजत, म्हणून त्यांच्या कडांना पॉलियुरेथेनची फिल्म चिकटवली. तिथून ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि तिथून आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. जाडी दीडशे-दोनशे मायक्रॉन, त्यामुळे उडालेल्या खड्याचा मार ती खरोखरच झेलते. नव्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हाच्या उष्णतेनं आपोआप भरून येतात. कोटिंग एक-दोन मायक्रॉनचं. खड्यापुढं त्याचं काही चालत नाही. त्याचं खरं काम पाणी आणि मळ झटकण्याचं, कमळाच्या पानासारखं. कमळाच्या पानावर घाण का ठरत नाही, हे बार्टलॉट आणि नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ साली नीट मांडून दाखवलं. पाण्यात राहूनही पान भिजत नाही, हा दृष्टांत गीतेनं पापाच्या बाबतीत आधीच वापरला होता. जर्मनांनी तो चिखलाला लावला.

इथवर वाचून मी चष्मा काढला. माझ्या ध्यानात एक गंमत आली. रंग मुळात पत्र्याला जपायला आला. मग रंगाला जपायला मेण आलं. मग रंगावर पारदर्शक थर आला. आता त्या थराला जपायला कोटिंग. आणि शोरूमचा मुलगा जाता जाता म्हणाला होता, "फिल्मवरही कोटिंग करून घ्या सर, फिल्म जास्त टिकते." पहारेकऱ्यावर पहारेकरी, त्याच्यावर जमादार, जमादारावर फौजदार. आत चोरण्यासारखं काय आहे, हे कुणी विचारतच नाही.

हे काही मला नवीन नव्हतं. आम्ही वाढलोच कव्हरांच्या राज्यात. रेडिओला आईनं क्रोशानं विणलेलं कव्हर, सुटकेसला खाकी कव्हर, टीव्हीला लाकडी शटर आणि शटरवर पुन्हा पडदा. सोफा मळू नये म्हणून त्यावर चादर आणि चादर मळू नये म्हणून पाहुणे आले की आम्ही मुलं सतरंजीवर.

पण कव्हरसम्राट म्हणजे आमचे आप्पा. त्यांनी १९७२ साली स्कूटरला नंबर लावला आणि १९८० साली ती घरी आली. आठ वर्षं वाट पाहिलेली वस्तू माणूस वापरत नाही, तिची निगा राखतो. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक त्यांनी काढू दिलं नाही. त्यावर रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं आणि रात्री सबंध स्कूटरवर आईच्या जुन्या लुगड्यांची दुहेरी खोळ. रविवारी एक तास पुसायची आणि अर्धा तास चालवायची. पावसाळ्याचे चार महिने तिला चातुर्मास.

एका श्रावणात आईनं विचारलं होतं, "अहो, खडकवासल्याला जाऊ या का स्कूटरवरून? धरण भरलंय म्हणतात."

"या पावसात? रंगाची वाट लागेल," आप्पा म्हणाले.

गेले दोघंही, पण बसनं. आई सांगते, तिथं उभं राहून ते पाण्याकडे पाहत नव्हतेच. सारखं आभाळाकडे बघत म्हणत होते, "खोळ नीट बांधली होती ना गं?"

आप्पा गेल्यावर १९९१ साली आम्ही स्कूटर विकली. दूधवाल्याच्या पुतण्यानं घेतली. त्यानं खोळ बाजूला केली, रेक्झिन काढलं, प्लॅस्टिक टराटरा फाडलं. आतली सीट शोरूममधल्यासारखी निघाली. आम्ही सगळे ती पहिल्यांदाच पाहत होतो. मग त्यानं दोन्ही बाजूंना दुधाचे दोन कॅन अडकवले आणि भर पावसात तो निघून गेला. अकरा वर्षं आम्ही ती स्कूटर कुणासाठी जपली, ते त्या दिवशी कळलं. आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "छान चालते रे."

ते आठवलं आणि माझा निर्णय झाला. मी शोरूमला फोन करून सांगितलं, "काही नको." मुलाला वाईट वाटलं. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. ज्यांना रोज द्रुतगती मार्गावरून मुंबईला ये-जा करायची आहे, त्यांनी पुढच्या भागाला फिल्म जरूर लावावी. ट्रकच्या चाकाखालून सुटलेला खडा कुणाचं तत्त्वज्ञान ऐकत नाही. ज्यांना गाडी धुवायचा कंटाळा आहे त्यांनी कोटिंग करावं. मला रिटायर झाल्यापासून धुवायला तेवढीच एक गोष्ट हवी होती. सावलीत उभी करायची, पक्ष्यांनी आशीर्वाद दिला की वाळायच्या आत पुसायचा, एवढं मला जमण्यासारखं होतं.

दसऱ्याला गाडी आली. पांढरीशुभ्र. आईला धरून खाली आणलं. झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं वाहिली. आईनं कोयरीत बोटं बुडवली आणि बॉनेटवर स्वस्तिक काढायला वाकली. तिचा हात हल्ली थरथरतो. तोल सावरायला तिनं दुसरा हात बॉनेटवर टेकला आणि बांगडी कर्रकन घसरली. चांगली वीतभर रेघ. माझ्या हिनं डोळे मिटून घेतले. आईला अलीकडे एवढं बारीक दिसत नाही. स्वस्तिक पुरं करून तिनं विचारलं,

"काय रे, ही पावसात चालते ना?"

"चालते की."

"मग चल खडकवासल्याला."

परतीचा पाऊस वारज्यापाशीच गाठ पडला. हळद बॉनेटवरून ओघळून पार दिव्यापर्यंत आली. आई पुढच्या सीटवर काच खाली करून बसली होती आणि नवीकोरी सीट भिजत होती. धरणापाशी मी गाडी थांबवली. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. आभाळाकडे एकदाही बघितलं नाही.

हळदीचा पिवळेपणा पुढं उन्हानं आपोआप गेला. हळद उन्हात टिकत नाही. रेघ आहे. मी ती घासून घेतलेली नाही.

परवा जिन्यात इंजिनिअर पुन्हा भेटले. "मग शेवटी काय केलंत? कोटिंग की फिल्म?"

"कोटिंग," मी म्हणालो.

"कुठल्या कंपनीचं?"

"घरगुती आहे."

"घरगुती?" त्यांचा चेहरा पडला. "अहो, वॉरंटी किती वर्षांची?"

"शहाऐंशी वर्षं झाली," मी म्हणालो, "अजून चालू आहे."