पाठीतले स्क्रू

सोलापुरात दोन गोष्टी घरोघरी सापडतात, चादर आणि कंबरदुखी. पहिलीचं कौतुक भरपूर झालंय. दुसरीवर कोणी फारसं लिहीत नाही. मागावर उभं राहून, जमिनीवर बसून कांड्या भरून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळून इथल्या तीन-चार पिढ्यांच्या पाठी वाकल्या. "मणक्यात गॅप आलाय" हे वाक्य आमच्याकडे पाऊसपाण्याच्या गप्पांइतकं सहज बोललं जातं.

सध्या घरात हाच विषय आहे, कारण धाकट्या काकांचा एमआरआय आलाय. कमरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून थोडा पुढे सरकलाय, नस दबलीय. डॉक्टरांनी छोट्या छिद्रांतून स्क्रू टाकून मणके जोडायचं सुचवलंय. घरच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, "छोटं ऑपरेशन आहे, करून टाका." दुसरा म्हणतो, "पाठीला हात लावू देऊ नका." मी डॉक्टर नाही, पण इतिहासाची खोड जुनी. हे ऑपरेशन मुळात आलं कुठून, ते वाचत बसलो.

गंमत अशी, की मणके जोडण्याची शस्त्रक्रिया कंबरदुखीसाठी रुजलीच नाही. ती रुजली टीबीसाठी! पर्सिव्हल पॉट या इंग्रज सर्जनने १७७९ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून मणक्याच्या टीबीला डॉक्टर आजही 'पॉट्स स्पाइन' म्हणतात. क्षयाचे जंतू मणका पोखरतात, पुढची बाजू ढासळते, पाठीला कुबड येतं आणि कधीकधी पायांतली ताकद जाते. आमची जुनी मिल १८७७ची. दाटीवाटीच्या चाळी असलेल्या अशा गिरणीच्या गावांना क्षय काय असतो ते वेगळं सांगायला नको.

१८९१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या बर्थोल्ड हाड्रा यांनी मणक्यांची मागची टोकं तारेने बांधून पाहिली. पण पाया घातला गेला १९११ मध्ये. त्या एकाच वर्षी, न्यूयॉर्क या एकाच शहरात, दोन सर्जन वेगवेगळ्या वाटांनी त्याच ठिकाणी पोचले. रसेल हिब्ज यांनी मणक्यांच्या मागच्या हाडाच्याच चिपा उचलून शेजारच्या मणक्यावर टेकवल्या. फ्रेड आल्बी यांनी नडगीच्या हाडाची पट्टी काढून मणक्यांमध्ये बसवली. दोघांच्याही पद्धतीत ना स्क्रू ना सळई. जोडायचं काम हाडाचं. रोग्याने महिनोन्‌महिने पडून राहायचं आणि वाट बघायची.

पुढे औषधं आली आणि चित्र पालटलं. कोरियात मासान आणि पुसान इथे झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष १९७३ मध्ये आले. औषधं नीट घेतली तर अंथरुणाला खिळून राहण्याने किंवा प्लास्टरच्या जाकिटाने जास्तीचा फायदा होत नाही, असं त्यांतून दिसलं. आपल्याकडे वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये 'मध्यम मार्ग' मांडला. सगळ्यांना औषधं, आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनाच शस्त्रक्रिया. म्हणजे ज्या रोगासाठी हे ऑपरेशन घडलं, त्यातल्या बहुतेक रोग्यांना आता त्याची गरजच उरली नाही.

ऑपरेशन मात्र उरलं, आणि त्याला नवी कामं मिळाली. ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन पोलिओने पाठ वाकडी झालेल्या मुलांवर काम करत होते. त्यांनी पाठीत स्टीलची सळई आणि आकडे बसवले. आधी त्यांना वाटलं होतं की नुसत्या सळईने भागेल. पण आकडे निसटायचे, सळया मोडायच्या. शेवटी त्यांनाही सळईच्या जोडीला हाड जुळवून घ्यावंच लागलं. १९६३ मध्ये पॅरिसच्या रेमंड रॉय-कामीय यांनी मणक्याच्या मागच्या कमानीला पुढच्या गोल भागाशी जोडणारे जे दोन खांब असतात, त्यांच्यातून स्क्रू घातले. आज काकांना सांगितलेत ते याच घराण्यातले.

दोन मणक्यांच्या मधल्या गादीच्या जागी जो 'केज' म्हणजे पिंजरा बसवतात, त्याची कथा तर घोड्यांची आहे. मानेतली नस दबल्यामुळे झोकांड्या खाणाऱ्या घोड्यांसाठी अमेरिकेतल्या जॉर्ज बॅगबी यांनी स्टीलची भोकाभोकांची टोपली केली. आत हाडाचा चुरा, बाहेर धातू, आणि भोकांतून हाड आरपार वाढावं अशी योजना. तिच्यावरून माणसांसाठी बनवलेल्या पिंजऱ्याला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

आता 'छोट्या छिद्रां'कडे येऊ. आपल्याकडे लोक सरसकट 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणतात, पण दर वेळी दुर्बीण असतेच असं नाही. जुन्या पद्धतीत पाठीवर मधोमध लांब चीर देऊन दोन्हीकडचे स्नायू हाडापासून सोडवतात. त्या स्नायूंचं नुकसान हेच मोठं दुखणं. १९६८ मध्ये लिऑन विल्ट्सी यांनी स्नायू सोडवण्याऐवजी दोन स्नायूंच्या फटीतून बाजूने शिरायची वाट दाखवली. १९९७ मध्ये मेम्फिसचे केव्हिन फोली आणि त्यांचे सहकारी मॉरिस स्मिथ यांनी बारीक नळीवर मोठी, तिच्यावर आणखी मोठी, अशा नळ्या चढवत स्नायू न कापता बाजूला सारायची युक्ती आणली. २००१ मध्ये फोलींनी कातडीतल्या छिद्रांतून स्क्रू घालून, कमानीसारख्या फिरणाऱ्या अवजाराने सळई आत सरकवायची पद्धत प्रसिद्ध केली. डोळ्यांना आत काही दिसत नाही, म्हणून सगळी मदार सी-आर्मच्या एक्स-रेवर. त्यामुळे किरणांचा मारा वाढतो, विशेषतः रोज हेच काम करणाऱ्या डॉक्टरांवर.

फायदा खरा आहे. रक्त कमी जातं, दुखतं कमी, घरी लवकर जाता येतं. पण वर्ष-दोन वर्षांनी पाहिलं तर दोन्ही पद्धतींचे रोगी साधारण सारखेच बरे झालेले दिसतात. चीर दोन सेंटिमीटरची असो की वीत भर, आतल्या हाडाला जुळायला सहा महिने ते वर्ष लागतंच. तोवर स्क्रू-सळई फक्त धरून ठेवतात. हाड जुळलंच नाही, तर केव्हातरी स्क्रू ढिला होतो किंवा सळई मोडते. हॅरिंग्टनना दिसलं ते छोट्या छिद्रानेही बदललेलं नाही.

आमच्या मावशीचं उदाहरण घरच्यांना माहीत आहे. तीस वर्षं तिने चादरीच्या कारखान्यात कांड्या भरल्या. पुढे सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत जाताना दोनदा बसावं लागायचं; बसलं की पायाची कळ थांबायची. ऑपरेशनआधी सर्जन तिच्याशी स्क्रूबद्दल पाच मिनिटं बोलले आणि मिश्रीबद्दल अर्धा तास. धूम्रपान करणाऱ्यांत हाड जुळण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून तंबाखू कुठल्याच रूपात नको, असा त्यांचा हट्ट. मावशी चिडली. "माझी पाठ दुखतीय, दात न्हाई!" पण मिश्री सोडली. आठ महिन्यांनी एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. आता ती न बसता देवळात जाते.

मग काकांनीही करून टाकावं का? इथे थोडं थांबायला हवं. नस दबलेली असताना मोकळी करावी लागते, पण प्रत्येक वेळी मणके जोडावेही लागतात का? स्वीडनमधल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, त्यात नस मोकळी करून वर मणके जोडल्याने जास्तीचा फायदा दिसला नाही. त्याच वर्षीच्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात जोडलेल्यांना थोडा अधिक फायदा झाला. २०२१ मध्ये नॉर्वेत मणका सरकलेल्याच रोग्यांचा अभ्यास झाला, आणि दोन वर्षांनी नुसती नस मोकळी केलेले रोगी मागे पडलेले नव्हते. सरकलेला मणका हलता असेल, हाड मोडलं असेल, टीबीने पोखरलं असेल, तर गोष्ट वेगळी.

म्हणून काका, ग्रुपवरचं "मोठं की छोटं" हे भांडण राहू द्या. छिद्र केवढं, हा शेवटचा प्रश्न. डॉक्टरांना आधी हे विचारा: वाकून आणि ताठ उभं राहून काढलेल्या एक्स-रेत मणका हलतो का? नुसती नस मोकळी करून भागेल का? जोडायचंच असेल तर माझं हाड, माझी साखर, माझं वय याला साथ देईल का? आणि खिशातली तंबाखूची पुडी आजच मावशीकडे जमा करा. तिला तपासणी करायला फार आवडेल.