क्लच : इथला आणि तिथला

आपल्यापैकी अनेकजण भारतात प्रीमियर पद्मिनी किंवा मारुती ८०० वर गाडी शिकले. इथे वाढलेल्या मुलांना मात्र क्लच म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागतं. 'गिअर टाकता येत नाही तो कसला ड्रायव्हर?' असं आपण म्हणतो. पण हा फरक कौशल्याचा नसून इतिहासाचा आहे.

१९३९ साली जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाईलसाठी 'हायड्रामॅटिक' आणलं आणि क्लचचं पेडलच गेलं. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन रणगाड्यांतही बसवलं गेलं. युद्धानंतर स्वस्त पेट्रोल आणि मोठी इंजिनं यांमुळे ते घरोघरी पोचलं.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्यात बनणाऱ्या फियाटचा गिअर स्टिअरिंगपाशी असे, पण हातानेच टाकायचा. तेलामार्फत शक्ती पोचवताना थोडी वाया जाते. लहान इंजिन आणि महाग पेट्रोल असताना ते परवडणारं नव्हतं. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमध्ये तोडगा आला: गिअरबॉक्स साधाच, क्लच दाबायचं काम यंत्राकडे.

तेव्हा मुलांना क्लच हौसेने शिकवावा. येत नाही म्हणून हिणवू मात्र नये.