अस्सल आणि नक्कल : देवगडच्या हापूसची वंशकथा

देवगडच्या बंदराकडून जामसंड्याच्या सड्यावर चढून आले, की जांभ्याचा काळवंडलेला कातळ फोडून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने वाढविलेली हापूसची कलमे नजर पोहोचेल तेथवर उभी दिसतात. आणि मोहोराच्या दिवसांत त्यांच्याखालून चालणाऱ्या पाहुण्याला ती हजारो झाडे भासली, तरी आनुवंशिकीच्या हिशेबाने, एखाद्या फांदीत क्वचित निपजलेला किरकोळ फरक वगळता, ते सारे मिळून एकच झाड आहे. शाळेतील मुलांना आनुवंशिकतेचा पाठ वाटाण्याच्या वेलावरून शिकवितात, ते योग्यच आहे. परंतु कोकणातील मुलाच्या परसातच हा पाठ वाढत असतो, आणि तो त्याला कोणी दाखवीत नाही, याची मला खंत वाटते.

कलम हा शब्दच पाहा. अरबी-फारसीतून तो मराठीत आला आणि लेखणी, कायद्यातील परिच्छेद व जोडून केलेले रोप या तिन्ही अर्थांनी रुजला. जुन्या दफ्तरात मूळ सनदेची नक्कल उतरविताना ती अस्सलबरहुकूम असावी लागे; काना-मात्रेचा फरक पडला तरी पुढे कज्जा उभा राही. हापूसची काडी दुसऱ्या रोपावर बांधणारा बागायतदार हेच काम करतो. काडीतील प्रत्येक पेशीत मूळ वृक्षाचा समग्र दस्तऐवज असतो, आणि ती काडी वाढून जे झाड होते ते त्या दस्तऐवजाची अस्सलबरहुकूम नक्कल असते.

कोयीचा मामला निराळा. आंब्याच्या प्रत्येक पेशीत 40 गुणसूत्रे असतात; त्यांतील 20 आईकडून आणि 20 बापाकडून आलेली. मोहोराच्या एका तुऱ्यावर शेकडो फुले असतात, त्यांवर माश्या व इतर कीटक या झाडावरून त्या झाडावर परागकण नेतात, आणि म्हणून कोयीची आई आपल्याला ठाऊक असली तरी बाप कोण, हे सांगता येत नाही. येथे एक गोष्ट मुलांनी आवर्जून ध्यानात घ्यावी, कारण मोठ्यांचाही तिच्याविषयी घोटाळा होतो. आपण जो गर खातो तो सर्वस्वी आईचा. हापूसच्या फुलावर रायवळाचा पराग पडला, तरी त्या फळाची गोडी हापूसचीच राहते. संकर झालेला जीव असतो तो आत, कोयीच्या कवचाखाली. म्हणूनच उत्तम हापूस खाऊन त्याचा बाठा मोठ्या आशेने परसात पुरला, आठ-दहा वर्षे वाट पाहिली आणि अखेर आंबट, धागेदार फळ हाती आले, हा अनुभव कोकणातल्या कित्येक घरांनी घेतला आहे. केरळाकडे काही जातींच्या एकाच कोयीतून अनेक अंकुर फुटतात व त्यांतील पुष्कळसे आईच्याच वळणावर जातात; हापूसच्या कोयीत मात्र अंकुर एकच, आणि तो मिश्र वारशाचा.

हा मिश्र वारसा कोणत्या नियमाने वाटला जातो, याचा पहिला चोख हिशेब ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेल याने मांडला. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाटाण्यांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सारे दाणे गोल निघाले. दुसऱ्या पिढीत 7,324 दाण्यांपैकी 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. लोपलेला गुण नष्ट झाला नव्हता, प्रभावी गुणाच्या आड दडून राहिला होता. 1865 साली वाचलेल्या या निबंधाकडे 1900 पर्यंत कोणी फारसे लक्ष दिले नाही. आंब्याचा स्वाद व सुगंध अनेक जनुकांच्या मेळातून घडत असल्याने तेथे इतके सरळ प्रमाण हाती लागत नाही. पण आजोबांच्या झाडाची आंबटाई नातवाच्या झाडात अवचित प्रकट व्हावी, याचे मर्म तेच.

नियम माहीत होण्यापूर्वीच त्याच्यावर मात करण्याची हिकमत मात्र लोकांनी साधली होती. एका झाडाचा भाग दुसऱ्यावर जोडण्याचा विधी वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात आला आहे. आंब्याच्या कलमांचा मोठा प्रसार मात्र पोर्तुगीज अमदानीतील गोव्यातून झाला, आणि त्याचे श्रेय बहुधा जेसुइट पाद्र्यांना दिले जाते. हापूस हे नाव 1510 साली गोवा जिंकणाऱ्या अफोंसो द अल्बुकर्कवरून पडले, असे सर्रास सांगतात. परंतु निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाने गोव्याच्या उत्तम आंब्यांची नावे दिली आहेत, त्यांत निकुलाव अफोंसो याच्या नावाचा आंबा आहे. मला ही दुसरी वंशावळ अधिक पटते. विजेत्यापेक्षा बागवानाचे नाव फळाला चिकटून राहणे अधिक स्वाभाविक आहे.

नकलेचा एक दोष असा, की अस्सलातील व्यंगही तीत हुबेहूब उतरते. हापूसचा साका हे असे व्यंग: वरून फळ निर्दोष, सुवासिक, चिरले की कोयीभोवतीचा गर पांढुरका, फोपसा व आंबूस. जमिनीच्या उष्णतेने तो बळावतो हे खरे, पण मूळ प्रवृत्ती जातीचीच. ती मोडायची तर पुन्हा कोयीच्या वाटेने, संकराकडेच जावे लागते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही साका नसलेली जात निर्माण केली. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला त्याच 1981 साली ती प्रसारित झाली. पुढे रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून 1992 मध्ये अत्यंत पातळ कोयीची ‘सिंधू’ आली. तरीही देवगडचा बागायतदार हापूस सोडून गेला नाही, आणि त्याला हट्टी म्हणण्याचे धारिष्ट मला होत नाही. बाजार त्या एकाच सुगंधाचा दाम देतो.

त्या सुगंधातही सारा वाटा वारशाचा नाही. हेच कलम वलसाडला किंवा धारवाडला लावले तर फळाची तऱ्हा बदलते. मलावीतला हापूस हिवाळ्यात वाशीच्या बाजारात येतो, तोही हापूसच, परंतु जांभा आणि खारा वारा त्याच्या वाट्याला आलेला नसतो. 2018 साली कोकणच्या हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन हे म्हणूनच रक्ताच्या नात्याइतकेच वतनाचे प्रमाणपत्र आहे.

पूर्वी भेटकलम करीत. रायवळाचे रोप कुंडीसह माचावर चढवून हापूसच्या फांदीशी भिडवायचे, दोघांची साल तासून सोपाने बांधायचे आणि दोन-तीन महिने पाणी घालीत थांबायचे. आता कोय कलमाचा रिवाज आहे. मृगाच्या पावसात रायवळाचे बाठे वाफ्यात रुजत घालतात. पंधरवड्यात तांबूस, मऊ पानांचे कोंब वर येतात. कलम बांधणारा एकेक कोंब धारदार चाकूने चार बोटांवर छाटतो, बुंध्याला उभी चीर देतो, तितक्याच जाडीची हापूसची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवितो आणि पट्टीने घट्ट आवळतो. तीनेक आठवड्यांत सांधा जुळतो. खाली मुळे रायवळाची राहतात, प्रत्येकाची वेगळ्या आईबापांची. वर मात्र सर्वत्र एकच हापूस. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला छाटलेल्या तांबूस शेंड्यांचा ढीग साचतो. त्यांतील कोणत्या शेंड्याला कसले फळ आले असते, ते आता कोणाला चाखायला मिळणार नाही.