कुंकळ्ळीची विहीर आणि असोळण्याचा कोट

१५ जुलै १५८३, सोमवार. नव्या पंचांगाप्रमाणे २५ जुलै. भर पावसाळ्यात साष्टीतल्या ओर्लीच्या चर्चमधून पाच येशूसंघीय कुंकळ्ळीकडे निघाले. रोदोल्फो आक्वाविवा, आफोन्सो पाशेको, पिएत्रो बेर्नो, आंतोनियो फ्रान्सिस्को आणि ब्रदर फ्रान्सिस्को आरान्या. सोबत गोन्सालो रोद्रिगिश नावाचा एक पोर्तुगीज गृहस्थ आणि काही स्थानिक ख्रिस्ती. गावात चर्चसाठी जागा बघायची, क्रूस उभारायचा, एवढाच त्यांचा बेत होता. गावकऱ्यांनी त्यांना पाहिले. ते जमले, त्यांची आपसांत मसलत झाली आणि तलवारी, भाले, तीरकमठे घेऊन ते चालून आले. रोद्रिगिशने बंदूक रोखली. पाशेकोंनी त्याला तिथेच अडवले. आपण इथे लढायला आलेलो नाही, असे त्याला बजावून ते गावकऱ्यांकडे वळले आणि भिऊ नका, असे त्यांना कोकणीत म्हणाले. त्यानंतर काही वेळातच पाचही जण मारले गेले.

लहानपणी वसईच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी ही गोष्ट ऐकली ती एवढीच. वसईला हुतात्म्यांचे अप्रूप नवे नाही. आमचे संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर गेले. त्यामुळे रोखलेली बंदूक खाली करायला लावणारे पाशेको आम्हाला घरच्यासारखे वाटत. आजही त्या क्षणापाशी माझे वाचन थांबते. गेथशेमनीच्या बागेत पेत्राने तलवार उपसली तेव्हा प्रभूने त्याला ती म्यानात घालायला सांगितली. पाशेकोंनी अक्षरशः तेच केले. मरण समोर दिसत असताना हे करायला अंतःकरण आधीच शांत झालेले असावे लागते. त्या शांतीवर मला तिळमात्र शंका नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीच्या काही महिन्यांबद्दल आहे.

साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे आली आणि तिथले धर्मप्रसाराचे काम येशूसंघाकडे गेले. १५६७ मध्ये राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगो रोद्रिगिश याने साष्टीतली शेकडो देवळे पाडली. कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी, आंबेली, वेरोडा ही दक्षिणेकडची गावे मात्र वाकेनात. तिथल्या गावकरांच्या हाती जमीन होती, मान होता, लढायची सवय होती. ते कर नाकारत आणि पाडलेली देवळे पुन्हा उभी करत. म्हणून फौजा गेल्या, एकदा समुद्राच्या आणि नदीच्या वाटेने, एकदा जमिनीवरून. गावे जाळली, पिके उद्ध्वस्त केली, देवळे मोडली. बेर्नो या मोहिमांत फौजेबरोबर होते. पुन्हा पूजा होऊ नये म्हणून देवस्थान विटाळायला तिथे गाय मारली गेली. हे कुणा शत्रूने रचलेले नाही, खुद्द येशूसंघीयांच्या वृत्तांतांतून आलेले आहे. ते लिहिणाऱ्यांना त्यात लपवावे असे काही वाटले नाही, याचेच मला जास्त वाईट वाटते.

आता ती जुलैची सकाळ कुंकळ्ळीकरांच्या डोळ्यांनी पाहा. देवळाची राख अजून पुरती धुऊन गेलेली नाही, आणि जो पाद्री फौजेबरोबर आला होता तोच आज चर्चची जागा बघायला आला आहे. पाशेकोंनी रोद्रिगिशची बंदूक खाली करवली, पण गावकऱ्यांना त्या एका बंदुकीच्या मागे राशोलचा सगळा किल्ला दिसत होता. भिऊ नका, हे शब्द ज्याने उच्चारले त्याच्या मनात खरे होते. ऐकणाऱ्याला ते खरे वाटावेत असे त्या वर्षात काहीच घडले नव्हते.

आक्वाविवांचे तर मला फार वाटते. आत्रीच्या ड्यूकचा हा मुलगा, येशूसंघाचे सर्वाधिकारी क्लाउदियो आक्वाविवा यांचा पुतण्या, मरताना अवघ्या बत्तीस वर्षांचा. १५८० च्या फेब्रुवारीत तो फतेपूर सिक्रीला पोहोचला आणि तीन वर्षे अकबराच्या दरबारात राहिला. फारसी शिकला, इबादतखान्यात मुल्लामौलवींसमोर बसून वाद घालत राहिला. तिथे त्याच्या पाठीशी एकही शिपाई नव्हता. बोलायचे ते युक्तिवादाच्या आणि वागणुकीच्या बळावर. अकबर ख्रिस्ती झाला नाही, पण त्याने या माणसाला मान दिला, आणि पुढे त्याच्या मृत्यूची बातमी ऐकून तो हळहळला, असे सांगतात. १५८३ मध्ये आक्वाविवा गोव्याला परतले, साष्टीच्या कामाचे प्रमुख झाले, आणि थोड्याच आठवड्यांत कुंकळ्ळीत तलवारीखाली पडले. प्राण जाताना त्यांनी मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. माणूस तोच, अंतःकरण तेच. सिक्रीत ते निःशस्त्र होते. साष्टीत त्यांच्या हातात शस्त्र नव्हते, एवढेच.

ही फट साष्टीत पडलेली नाही, ती पुष्कळ जुनी आहे. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने खुनाचे मूळ रागात दाखवले. माणसाला भ्रष्ट करणारे सगळे त्याच्या आतूनच बाहेर येते, असेही सांगितले. पहिल्या दोन-तीन शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांनी याचा अर्थ सरळ घेतला. पेत्राची तलवार काढून घेताना प्रभूने प्रत्येक शिपायाचे शस्त्र काढून घेतले, असे तेर्तुलियन मानत असे. मग रोमचा सम्राटच ख्रिस्ती झाला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिनसमोर प्रश्न आला, की दुसरा गाल पुढे करणाऱ्याने राज्य राखायचे कसे? त्याचे उत्तर असे, की ती आज्ञा मुख्यतः अंतःकरणाच्या वृत्तीबद्दल आहे. मनात द्वेष नसेल तर हाताला शिक्षा करता येते, युद्धही करता येते. ऑगस्टिनने हे जड मनाने लिहिले, युद्धाला कुंपण घालायला लिहिले, हे मी विसरत नाही. पण त्या उत्तराने मन आणि हात वेगळे झाले ते झालेच. हजार वर्षांनी साष्टीत हात कप्तानाचा होता आणि मन पाद्रींचे. कप्तान जाळत होता आणि पाद्री प्रार्थना करत होते. दोघांनाही आपापले काम निर्मळ वाटत होते.

त्या दिवशी फक्त येशूसंघीय मेले नाहीत. रोद्रिगिश मेला आणि त्याच्याबरोबर चौदा स्थानिक ख्रिस्ती मेले. त्यात दोमिंगो नावाचा कुंकळ्ळीचाच एक मुलगा होता. तो राशोलच्या शाळेत शिकत होता, आणि देवळे कुठे आहेत ते दाखवायला पाद्रींबरोबर आला होता. त्याला त्याच्या सख्ख्या नातलगाने मारले. दुसरा आफोन्सो, पाशेकोंचा वेदीसेवक. पाशेकोंचे प्रार्थनेचे पुस्तक त्याच्या हातात होते आणि ते तो सोडेना. त्याचे हात तोडले, पळता येऊ नये म्हणून गुडघ्यांवर वार केले. तो तसाच रात्रभर पडून राहिला आणि दुसऱ्या दिवशी सापडला तेव्हा त्याला ठार केले. मी वर्षानुवर्षे याच वयाची मुले शिकवली. दोमिंगोने काय दाखवले आणि कुणाला दाखवले, हे त्या वयाच्या पोराला कितीसे कळले असेल? पण घरातल्याच माणसाचा हात त्याच्यावर उठला, त्याचे कारण ते दाखवणेच होते. कुंकळ्ळीकरांवर झालेला अन्याय मी वर मांडला आहे, त्यातले एक अक्षर मागे घेत नाही. आफोन्सोचे हात तोडणे त्या अन्यायाने क्षम्य होत नाही. अंतःकरणातला राग शत्रू निवडून थांबत नाही, तो जवळच्या पोरापर्यंत जातो.

प्रेते विहिरीत टाकली गेली. अडीच दिवसांनी ती मिळाली आणि राशोलच्या चर्चमध्ये पुरली गेली.

मग असोळण्याची पाळी आली. बोलणी करू, समेट करू, असे सांगून पोर्तुगिजांनी कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांच्या सोळा प्रमुखांना असोळण्याच्या कोटात बोलावले. ते आले. आत गेल्यावर पंधरा जणांना मारले गेले. सोळावा शौचकूपाच्या वाटेने नदीत उडी टाकून निसटला आणि कारवारकडे गेला, अशी तिथली परंपरा सांगते. गावांच्या जमिनी गेल्या. कुंकळ्ळीची शांतादुर्गा पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर फातर्प्याला गेली.

विहिरीपेक्षा हा कोट मला अधिक भयंकर वाटतो. विहिरीपाशी रागाने पेटलेला जमाव होता. कोटात कुणी पेटलेले नव्हते. तिथे हिशेब होता, आमंत्रण होते आणि समेटाचा शब्द होता. मी वसईची असल्यामुळे इथे मला १७३९ आठवल्याशिवाय राहत नाही. दोन वर्षांची मोहीम, हजारो माणसे गमावलेली, आणि त्या मे महिन्यात वसईचा कोट पडला. तरी चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांना बायकामुलांसह, सन्मानाने निघून जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्यांच्या धर्माला तहात जागा दिली. आमचे पूर्वज त्या मागे राहिलेल्यांतले. दिलेला शब्द पाळणारा विजेता भेटला म्हणून आम्ही आज वसईत ख्रिस्ती आहोत आणि मराठीत प्रार्थना करतो. असोळण्यात शब्द देणारे क्रूसाची शपथ वाहणारे होते. हे लिहिताना माझी मान खाली जाते.

पाच येशूसंघीयांची प्रेते मिळवून त्यांना मूठमाती देण्यात एक इंग्रज येशूसंघीय पुढे होता, थॉमस स्टीफन्स. मराठी वाचकाला हे नाव वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला त्याने आपल्या भावाला पत्र लिहिले. त्यात या पाच मृत्यूंची हकिकत आहे आणि त्याच पत्रात इथल्या भाषांची रचना लॅटिन-ग्रीकशी जुळते, असे निरीक्षणही आहे. सहकाऱ्यांची छिन्नविच्छिन्न शरीरे पाहिलेला हा माणूस पुढची पस्तीस वर्षे त्याच मुलखात राहिला. तिथल्या लोकांची भाषा त्याने इतकी आपलीशी केली, की १६१६ मध्ये राशोलला त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्या, अस्सल मराठी वळणाच्या. आमची जुनी पुराणे गेली, आता आम्हाला वाचायला दुसरे काही द्या, असे मागणारा नवख्रिस्ती त्या ग्रंथातच भेटतो. जाळून टाकलेल्या गोष्टीची भरपाई हवी हे स्टीफन्सच्या कानांनी ऐकले. जाळणे चूक होते, असे तो लिहीत नाही, त्या काळाच्या पलीकडे तो गेला नाही. तरी कुंकळ्ळीनंतर साष्टीत दोन उत्तरे दिली गेली, असोळण्याचे आणि स्टीफन्सचे. उपवासकाळात आमच्याकडे मी ख्रिस्तपुराण वाचायला बसवते ते म्हणूनच. त्या ओव्यांमागे सूड उगवण्याऐवजी भाषा शिकत बसलेला माणूस आहे.

१८९३ मध्ये पोप तेराव्या लिओंनी पाच येशूसंघीयांना धन्य घोषित केले. त्यांच्याबरोबर मेलेले चौदा स्थानिक ख्रिस्ती त्या यादीत नाहीत. पुस्तक न सोडणारा आफोन्सोही नाही. असोळण्याच्या प्रमुखांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहायला या शतकाची सुरुवात उजाडावी लागली. तिथे त्यांना महानायक म्हणतात. जवळच ख्रिस्ती चॅपेल आहे. दोन्ही ठिकाणी फुले वाहिली जातात, बहुतेक वेळा वेगवेगळ्या हातांनी.

हे हात एकत्र दिसतात ते शिगम्याच्या दिवसांत, फाल्गुनातल्या पंचमीच्या सोत्र्यांना. शांतादुर्गेची पालखी फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते. पुढे बारा रंगीत छत्र्या, बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, नावाने एकेक. गुलालाने रस्ता माखतो. त्या गर्दीत गावचे ख्रिस्तीही असतात, कारण वांगड धर्मांतराने तुटलेले नाहीत, आणि छत्री पूर्वजांची आहे, ते पूर्वज दोघांचेही आहेत. देवी गेली त्याच वाटेने ती दरवर्षी घरी येते आणि दोन्ही धर्मांची लेकरे तिच्या वाटेवर उभी राहतात. चर्चने आणि सरकारने समेटावर कितीही परिषदा घेतल्या तरी या वाटेएवढे काम त्यांच्याकडून झालेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

१२ मार्च २००० रोजी पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या पापांची जाहीर क्षमा मागितली. सत्याची सेवा करताना शुभवर्तमानाला न शोभणारे मार्ग वापरले, ही कबुली त्यात होती. ती सगळ्या जगासाठी होती. कुंकळ्ळीसाठी ती आपल्याला आपल्या तोंडाने म्हणावी लागेल. २५ जुलैला पाच येशूसंघीयांची आठवण करताना मिस्सेतल्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत दोन ओळी वाढवा: एक त्या चौदा जणांसाठी, दुसरी असोळण्याच्या कोटात शब्दावर विश्वास ठेवून गेलेल्या पंधरा जणांसाठी. या प्रार्थना धर्मग्रामातले लोकच लिहितात. त्यासाठी रोमच्या परवानगीची गरज नाही.